सिव्हिलनंतर पुढे काय? एम.टेक., पीएच.डी. आणि आपले इंदूर

मे-जून आला की मंडळात चौकशीसाठी पालकांची ये-जा सुरू होते. बारावीवाल्यांचे प्रश्न ठरलेले असतात आणि आमची उत्तरेही बरीचशी ठरलेली. गेली दोन-तीन वर्षे मात्र एक वेगळा प्रश्न येतो आहे. लोकमान्यनगरातल्या एका काकूंनी तो सगळ्यांत सरळ विचारला: "मुलगी सिव्हिल झाली. नोकरी मिळते आहे, तरी एम.टेक. करते म्हणते, तेही एन्व्हायर्नमेंटलमध्ये. म्हणजे झाडं लावायची का हो?" आम्ही हसलो खरे, पण उत्तर द्यायला चांगला अर्धा तास लागला. ते उत्तर इतर सभासदांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे जरा सविस्तर मांडतो आहोत.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या मध्य प्रदेशात 'पीएचई' म्हटले की काय ते घराघरांत कळते. नळ, विहिरी, पाण्याच्या टाक्या पाहणारे ते खाते. पीएचई म्हणजे पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग, लोकांच्या आरोग्यासाठीचे अभियांत्रिकी काम. एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग हे त्याचेच वाढलेले रूप. नागपूरच्या 'नीरी'ची गोष्टच पाहा. १९५८ मध्ये ती संस्था सुरू झाली तेव्हा तिच्या नावात 'पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग' होते. १९७४ मध्ये नाव बदलून 'नॅशनल एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट' झाले. पिण्याचे पाणी आणि मैलापाणी हे विषय तर होतेच, त्यांत हवा, घनकचरा, कारखान्यांचे सांडपाणी यांची भर पडत गेली. पाणी आणायचे म्हणजे धरण, कालवा, पाइप, टाकी आलीच, म्हणून हा विषय पहिल्यापासून सिव्हिलच्या घरात वाढला. परदेशी विद्यापीठांत तर 'सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल' असा एकच विभाग पुष्कळ ठिकाणी असतो. त्यात इमारती-पूल, माती व पाया, वाहतूक, जलसंपत्ती आणि पर्यावरण असे पाच-सहा फाटे फुटतात आणि पदव्युत्तर शिक्षणात त्यांतला एक धरायचा असतो.

मग चार वर्षे बी.ई. शिकून झाल्यावर आणखी शिकायचे काय? आमचा अनुभव असा, की हे नीट न कळल्यामुळेच घरोघरी चुकीचे निर्णय होतात. एम.टेक. म्हणजे बी.ई.चेच पाचवे-सहावे वर्ष, जरा जाड पुस्तके, अशी समजूत असते. बी.ई.ला मुलांना आकडे तयार मिळतात. शहराला पाणी किती लागेल? माणशी रोज १३५ लिटर धरा, लोकसंख्येने गुणा, टाकीचा आकार काढा. परीक्षा संपली. पदव्युत्तर शिक्षणात हा १३५ आला कुठून ते विचारायचे असते. नळाला दिवसाआड पाणी येते तिथे लोक खरोखर किती वापरतात, किती साठवतात, आणि पुढच्या वेळी नवे पाणी आले की साठवलेले किती ओतून देतात? हे मोजायचे कसे, मोजलेल्यावर विश्वास किती ठेवायचा, आणि ते चार जाणकारांपुढे मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे कशी द्यायची, हे शिकायला ती दोन वर्षे असतात. पीएच.डी.त प्रश्नही स्वतःच शोधायचा असतो.

असा प्रश्न शोधायला इंदूरकराला फार लांब जावे लागत नाही. आपल्या नळाचेच घ्या. १९७० च्या 'नर्मदा लाओ' आंदोलनाच्या आठवणी आमच्यातले ज्येष्ठ अजून सांगतात. पुढे १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते उचलले जाते, सुमारे ७० किलोमीटर पाइपातून येते आणि वाटेत त्याला विंध्याचा घाट चढवावा लागतो. उंची धरा सुमारे ५०० मीटर. आता शाळेतले भौतिकशास्त्र आठवा. हजार लिटर पाणी, म्हणजे एक टन वजन, ५०० मीटर वर न्यायला निव्वळ १.३६ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि पाइपातले घर्षण यांत जाणारी ऊर्जा धरली तर हिशेब दोन युनिटांच्या आसपास येतो. चार माणसांचे कुटुंब माणशी १३५ लिटरने रोज ५४० लिटर वापरते. म्हणजे आपल्या घरात रोज साधारण एक युनिट वीज नळातून येते आणि ती आपल्या बिलात दिसत नाही. हा हिशेब एकदा केला की कोपऱ्यावरचा गळका व्हॉल्व्ह नुसता पाण्याचा राहत नाही, विजेचाही होतो.

गळती शोधायची कशी हा जगभर अभ्यासाचा विषय आहे. पाइपात दाबमापक बसवतात, रात्री दोन-तीनच्या सुमाराला, लोक पाणी वापरत नसताना, किती पाणी जाते ते पाहतात, आणि संगणकावर साऱ्या जाळ्याचे गणित मांडून कुठला तुकडा संशयास्पद आहे ते काढतात. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत थोडक्यात आटोपलेली असते. चोवीस तास पाणी असलेला पाइप आतून दाबाखाली असतो. तो फुटला तर पाणी बाहेर येते, बाहेरचे आत जात नाही. दिवसाआड पाणी येणारा पाइप मात्र मधल्या वेळात रिकामा असतो. शेजारून ड्रेनेजची लाइन गेली असेल आणि दोन्हींना भेगा असतील, तर मैलापाणी त्या रिकाम्या पाइपात शिरते. पाणी सुटले की पहिली काही मिनिटे नळाला गढूळ पाणी येते त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून शेवटच्या घराच्या नळापर्यंत दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे असा दंडक आहे. तो उरतो का, कुठल्या गल्लीत उरत नाही, आणि का, यावर एक अख्खा एम.टेक. प्रबंध होऊ शकतो. या विषयात चूक झाली तर माणसे आजारी पडतात, कधी त्याहून वाईटही होते. मुलांना आम्ही हे स्पष्ट सांगतो.

दुसरे उदाहरण कचऱ्याचे. स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून आपला नंबर लागतो याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण कचऱ्याच्या शास्त्रात इंदूरचे नाव त्याच्या पुष्कळ आधीपासून आहे आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. १९२४ मध्ये इथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक आणि रसायनशास्त्राचे काम पाहणारे त्यांचे सहकारी यशवंत वाड. पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी तीनदा उलथापालथ करायची, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने तिच्यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. आता तुम्ही म्हणाल, खत तर आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आले, यात नवीन ते काय? या मंडळींनी मोजमाप केले. कुठल्या कचऱ्यात कार्बन किती, नायट्रोजन किती, त्यांचे प्रमाण काय असले की ढीग नीट कुजतो आणि काय असले की नुसता सडून वास मारतो. हॉवर्ड सुरुवातीचे प्रमाण साधारण ३३ ला १ सांगतात. ज्याला आपण संशोधन म्हणतो ते हेच. शेतकऱ्याच्या हाताला जे कळत होते ते आकड्यांत उतरले, आणि म्हणून ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशातही करता येऊ लागले.

आज देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि दिवसाला ५५० टन कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. तिथे कुजणे चालते ते हवेशिवाय, बंद टाकीत, आणि त्यातून मिथेन मिळतो. पण तिथल्या अभियंत्यालाही तोच कार्बन-नायट्रोजनचा हिशेब सांभाळावा लागतो. सणासुदीला कचऱ्यात मिठाई आणि तळणाचे तेल वाढते, आंब्याच्या दिवसांत साली आणि कोयी. टाकीतल्या जिवाणूंना हा बदल सोसतो का? आम्लता वाढून वायू कमी होतो का? शंभर वर्षांपूर्वी वाडांपुढे जो प्रश्न होता त्याचाच हा पुढचा भाग, आणि तो आपल्या घरातल्या हिरव्या डब्यापासून सुरू होतो.

तिसरे म्हणजे कान्ह नदी, जिला आपल्यातले कित्येक अजून नाला म्हणतात. तिचे पाणी पुढे क्षिप्रेत जाते, म्हणून सिंहस्थ जवळ आला की तिची चर्चा होते. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. यांतल्या प्रत्येकावर अभ्यास करता येईल. इथे विस्तार करत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. भारतात एम.टेक.चा राजमार्ग म्हणजे 'गेट' परीक्षा. ती साधारण फेब्रुवारीत असते, तीन तास, शंभर गुण, आणि गुणांक तीन वर्षे चालतो. सिव्हिलच्या मुलांनी 'सीई' हा पेपर द्यायचा. 'ईएस' म्हणजे एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग हा वेगळा पेपर २०२१ पासून आला आहे. कुठला पेपर कुठल्या अभ्यासक्रमाला चालतो ते त्या-त्या संस्थेच्या पत्रकात पाहूनच ठरवावे, नाहीतर चांगले गुण मिळूनही दार बंद असते. आयआयटींना अर्ज वेगवेगळे करावे लागतात आणि प्रवेशाचे देकार मात्र 'कोॲप' या एका सामायिक ठिकाणी येतात. एनआयटींसाठी 'सीसीएमटी' हे वेगळे समुपदेशन आहे. गेट उत्तीर्ण पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. बदल्यात आयआयटीसारख्या ठिकाणी आठवड्याला आठेक तास प्रयोगशाळेत किंवा वर्गात मदत करावी लागते. आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत गेटशिवायही जागा मिळू शकते, पण मग ही शिष्यवृत्ती नाही. पीएच.डी.च्या पाठ्यवृत्तीचा दर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० आहे.

जागांचे म्हणाल तर घरापासून सुरुवात करावी. १९५२ सालचे आपले एसजीएसआयटीएस आहेच. सिमरोलच्या आयआयटीत पाणी, हवामान आणि शाश्वतता या विषयावर एम.टेक. आहे. तीन-साडेतीन तासांवर भोपाळचे मॅनिट. नागपूरला व्हीएनआयटी आणि नीरी, आणि नागपूरला आपल्यापैकी अर्ध्या जणांचे आत्या-मामा आहेत, त्यामुळे राहण्याची सोयही झालीच. मुंबईत आयआयटीचा पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आणि व्हीजेटीआय.

परदेशाचा विषय निघाला की आवाज बदलतात. शेजारच्यांचा मुलगा गेला, मग आपलाही जावा, असे होते. इथे आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत, राग मानू नये. अमेरिकेत एम.एस. आणि पीएच.डी. यांच्या पैशाचा हिशेब अगदी वेगळा असतो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ होते आणि वर पगार मिळतो, कारण तो प्राध्यापकाच्या संशोधनावर काम करतो. एम.एस.चा खर्च बहुतेक वेळा आपल्यालाच करावा लागतो. समजा ४० लाखांचे कर्ज काढले, व्याज साडेदहा टक्के, फेड दहा वर्षांत. महिन्याचा हप्ता जवळजवळ ५४,००० रुपये, आणि एकूण फेड पावणेपासष्ट लाखांच्या घरात. यात शिकत असतानाचे व्याज धरलेलेच नाही. तिथे नोकरी लागली तर हे झेपते. परत यावे लागले तर इथल्या सिव्हिलच्या सुरुवातीच्या पगारात ते झेपत नाही, आणि हप्ता वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जाऊ लागतो. आमच्या माहितीतल्या एका घरात असेच झाले. मुलगा हुशार होता, चूक त्याची नव्हती. बाजार पडला आणि राहायची मुदत संपली. घर गहाण टाकण्यापूर्वी 'नोकरी नाहीच मिळाली तर?' हा प्रश्न मुलाला बाजूला बसवून, आवाज न चढवता, एकदा विचारावा.

खिशाला झेपणाऱ्या वाटाही आहेत. अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही (काही ठिकाणी आता लागू झाली आहे), मात्र राहण्याखाण्यासाठी वर्षाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात आधी दाखवावे लागतात. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला 'आयएचई' ही केवळ पाण्याच्या शिक्षणाची संस्था १९५७ पासून आहे. आपल्यासारख्या देशांतले कामाचा अनुभव असलेले अभियंते तिथे पुष्कळ जातात. आणि अमेरिकेत पुढे अभियंता म्हणून सही करायची तर एफई आणि पीई या परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात, नुसत्या पदवीवर भागत नाही, हेही आधीच ठाऊक असावे.

विद्यापीठाच्या नावाइतकेच, आमच्या मते जास्तच, महत्त्व आहे मार्गदर्शकाला. नाव पाहुण्यांना सांगायला उपयोगी पडते, पण मुलाची दोन ते पाच वर्षे काढायची असतात ती एका माणसाच्या हाताखाली, एका प्रयोगशाळेत. लग्न ठरवताना आपण घराणे पाहतो आणि माणसांची चौकशीही करतो, तसेच हे. त्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध मुलाने वाचावेत. कळले नाहीत तरी चालेल, पण विषयात जीव रमतो का ते समजते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे: भेट किती दिवसांनी मिळते, प्रबंध वेळेत पुरे होतात का, पुढे मुले कुठे लागली? पत्र पाठवताना पन्नास जणांना एकच मजकूर चिकटवू नये, तो लगेच ओळखू येतो. आपल्या गल्लीतल्या क्लोरीनचे दहा दिवसांचे आकडे घेतलेत, असे एक वाक्य त्या पत्रात असले तर त्याचे वजन पडते. क्लोरीन तपासायची साधी किट फार महाग नसते.

प्रत्येकाने पुढे शिकलेच पाहिजे असेही नाही. साइटवर काम करायला, लोकांकडून काम करून घ्यायला ज्याला आवडते त्याने आधी दोन-तीन वर्षे नोकरी करावी. परत शिकायला आला तर त्याचे प्रश्न जास्त पक्के असतात. नोकरी मिळत नाही म्हणून एम.टेक. करणे हे मात्र आम्हाला पटत नाही. दोन वर्षांनी तोच बाजार समोर असतो, आणि वय वाढलेले. राज्य सेवेचा मार्गही कमी नाही. माधवराव चितळे महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून लागले, केंद्राच्या जलसंसाधन खात्याचे सचिव झाले आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पाण्यावरचे त्यांचे मराठी लेखन घरात असावे.

मुलींच्या बाबतीत 'साइटवर कशी पाठवायची' हा प्रश्न अजून येतो. पर्यावरणाच्या शाखेत प्रयोगशाळा, संगणकावरची प्रारूपे, सल्लागार कंपन्या असे काम भरपूर आहे. पण जलशुद्धीकरण केंद्रावर आणि मैलापाण्याच्या प्लँटवरही जावे लागते, आणि मुली जातात. त्या काकूंच्या मुलीने पहिल्याच सुट्टीत कबीटखेडीचा प्लँट पाहून आल्यावर आईला जे सांगितले ते आम्ही इथे लिहीत नाही. काकूंचे जेवण राहिले, एवढेच.

जाता जाता एक जुनी गोष्ट. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आले होते. प्लेगाचे दिवस होते. त्यांनी एका दिवाळीत मिरवणूक काढवली आणि जाहीर केले, की जो रस्ता लोक सर्वांत स्वच्छ ठेवतील त्यावरून ती जाईल. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची भलीमोठी प्रतिकृती होती आणि सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, फुलांसह चालले होते. १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला दिलेल्या दोन खंडांच्या अहवालातले पुष्कळ पान इंदुरात विद्यापीठ कसे असावे यावर खर्ची पडले आहे. शहर हाच अभ्यासाचा विषय, असा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठ आले ते १९६४ मध्ये.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टअखेर निघतात आणि सप्टेंबरभर चालतात, तिसऱ्या वर्षातली मुलेही परीक्षा देऊ शकतात. परदेशातले बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, त्यामुळे शिफारसपत्रांसाठी गुरुजनांना गणपतीच्या सुमारासच विचारून ठेवावे. पीएचई आणि नगर निगममधून निवृत्त झालेले आपले काही सभासद मुलांशी बोलायला आनंदाने तयार आहेत. मुलाने किंवा मुलीने स्वतः यावे, सोबत एका पानावर आपला प्रश्न लिहून आणावा. आईवडील आले तरी चालेल, चहा सगळ्यांना आहे.